काथ्या भरलेली गिटार

बाबल, तू मला चुकवून गेलास.

अजून तीन दिवस थांबायला काय झालं होतं? रविवारी मी मांद्र्याला येणार, हे शालीने तुला पाटीवर लिहून दाखवलं होतं आणि ते वाचून तू मान हलवली होतीस, हे मला तिनेच सांगितलं. गिटार तयार होती. तारांचं पाकीट तेवढं यायचं होतं, ते शनिवारी आलं. तू गुरुवारी सकाळी पेज जेवलास, ओसरीवरच्या खुर्चीत बसलास आणि बसल्या जागी गेलास. आलेगेले म्हणत होते, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की हा पळपुटेपणा आहे.

रविवारी काय करणार होतो ते आता सांगायला हरकत नाही. तुझ्या ओसरीवर ॲम्प्लिफायर लावणार होतो. शेजारपाजारच्यांना बोलावणार होतो. तुझ्या खुर्चीसमोर स्टूल टाकून, तू चाळीसेक वर्षांपूर्वी मारून टाकलेली ती गिटार मी वाजवणार होतो. माझी बोटं तुला दिसली असती, लोकांच्या माना डोलताना दिसल्या असत्या, आणि तुझ्या कानात मात्र काही म्हणजे काही शिरलं नसतं. गेली पंचवीस वर्षं तू ठार बहिरा. मला तुला एवढंच दाखवायचं होतं, की बघ, ती जिवंत आहे आणि तुला ती मिळणार नाही. वर्षभर मी या एका दुपारसाठी राबलो. बायकोने विचारलं, या वयात एवढं कशाला? मी म्हटलं, बाबलसाठी. तिला वाटलं, आमची गोडी झाली.

ती गिटार नेमकी कुणाची, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. म्हापशाच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो. तू मांद्र्याचा, मी मुळगावचा. गोवामुक्तीला दहा-बारा वर्षं झाली होती आणि तुमच्या किनाऱ्यावर गोरे येऊन राहू लागले होते. त्यातला एक दाढीवाला तुमच्या मागच्या खोलीत दोन हिवाळे राहिला आणि जाताना गिटार ठेवून गेला. तसली गिटार आपण तोवर पाहिली नव्हती. विजेची, पण पोट निम्मं पोकळ. मधून लाकडाचा भरीव ठोकळा गेलेला आणि दोन्ही अंगांना पोकळी. रंग काजूच्या पिकल्या बोंडूचा. छातीवर इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन भोकं, आपण त्यांना तिचे कान म्हणायचो. निघताना त्याने ती तुझ्या हातात दिली, पण बघत होता माझ्याकडे.

“हातात कोणाच्या दिली?” तू विचारायचास.

“बघी होतो कोणाक?” मी विचारायचो.

शेवटी एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे असं ठरलं. शिवोलीच्या फेरीच्या धक्क्यावर आपण अदलाबदल करायचो. तू वाजवायला बेताचाच होतास, मेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणून मी ते बदलणार नाही. पण कान तुझा देवाने वेगळा घडवला होता. मी घरून तासभर तारा लावून आणायचो. तू धक्क्यावरच पेटी उघडायचास, अंगठा एकदा वरून खाली फिरवायचास आणि हळूच म्हणायचास, “तिसरी उतरल्या.”

मी म्हणायचो, नाही उतरली. तू खुंटी केसभर पिळायचास, पुन्हा अंगठा फिरवायचास, आणि मग मलाही कळायचं की ती उतरलेलीच होती. प्रत्येक वेळी. तुझं बरोबर असणं मला सहन होत नसे, आणि त्याहून तुझं ते हळूच सांगणं सहन होत नसे. ओरडून सांगितलं असतंस तर भांडता तरी आलं असतं.

मग पेडण्याजवळच्या त्या देवळाच्या जत्रेतला काला. आठवतंय ना? काल्याच्या दिवशी नाटकाआधी आपल्याला अर्धा तास मिळाला होता. दुपार टळलेली, मंडप गच्च. पणजीचा एक ऑर्केस्ट्रावाला मुद्दाम येऊन बसला होता, त्याला गिटारवाला हवा होता. तू ॲम्प्लिफायरजवळ. मी कर्ण्याला अगदी चिकटून उभा, कारण तिथून बायकांची बाजू दिसायची. खरं म्हणजे तिथून मी बायकांना दिसायचो. तू दोनदा हात हलवून मागे सरक म्हणून खुणावलंस. मी आणखी पुढे सरकलो. दुसऱ्या गाण्यात गिटार किंचाळली. पोकळ पोटाची ही खोडच असते. कर्ण्यातला आवाज पोटात शिरतो, लाकूड थरथरतं, ती थरथर तारांतून पुन्हा कर्ण्यात जाते, आणि हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. मी तारा पंजाने दाबून धरल्या, तरी ती ओरडतच होती. मागून कुणीतरी म्हणालं, “देवाक जाग इली रे,” आणि सगळा मंडप हसला. बायकांची बाजू जास्त हसली.

तरीही तो ऑर्केस्ट्रावाला नंतर मागे येऊन भेटला. म्हणाला, बोटं चांगली आहेत, दसऱ्यानंतर गिटार घेऊन पणजीला ये, ती शिटी तेवढी बंद करून आण. तू शेजारीच उभा होतास. माझ्यापेक्षा तूच जास्त खूश झालास, हेही मला आठवतं, आणि तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

पाऊस लागला. आषाढात पाळी तुझी होती. नदी चढली म्हणून श्रावणातही ती तुझ्याकडेच राहिली. गणपतीची चवथ झाल्यावर मी आणायला आलो.

तुझे बाबा होड्या दुरुस्त करायचे. लाकडात फट दिसली की काथ्या ठासायचा, वरून राळ ओतायची, त्यावर रंग द्यायचा; पाणी आत येत नाही. तुमच्या घरातलं मूल चालायला लागण्याआधी हे शिकत असे. तू गिटारीचे दोन्ही कान असेच बुजवले होतेस. आत काथ्या, तोंडाला राळ, आणि जोड दिसू नये म्हणून अख्ख्या अंगाला होडीचा निळा रंग. जे लाकूड कधी पाण्यावर जायचं नव्हतं ते तू समुद्रासाठी तयार केलंस. माझ्या हातात देताना म्हणालास, “आता तिका वरड म्हणान सांग. वरडाची नाय.”

मी अंगठा फिरवला. पोत्यावर थाप मारावी तसा आवाज आला. आणि हाताला गारवा लागला. आतल्या काथ्याने दोन महिने पावसाळी हवा पिऊन घेतली होती. पोट फुगलं होतं, पाठीचा जोड खालून बोटभर उघडला होता, फटीतून बुरशीचा वास येत होता. मी विचारलं, हे काय केलंस? तुझा चेहरा पडला. तू म्हणालास, “तुज्याच बऱ्याखातीर केलां रे शंकऱ्या. लोक तुका हसले, तां माका बघवूंक नाय.”

हे वाक्य मी चाळीस वर्षं चघळतो आहे. तू जळून केलं असतंस तर मी वर्षभरात विसरलो असतो. जळणाऱ्या माणसाला दोन शिव्या घातल्या की विषय संपतो. पण तू माझी कीव केलीस, मला न विचारता केलीस, आणि ती कीव काथ्यात वळून माझ्याच गिटारीच्या पोटात कोंबलीस. मी गिटार तुझ्या ओसरीवर ठेवली आणि निघालो. तू फाट्यापर्यंत मागे आलास, बस आली तरी उभा होतास. मी खिडकीतून पाहिलं नाही.

दसरा झाला तसा रिकाम्या हाताने पणजीला गेलो. ऑर्केस्ट्रावाल्याकडे जास्तीची गिटार नव्हती. त्याने दुसरा कुणी घेतला. मी वीज खात्यात लागलो आणि पुढची छत्तीस वर्षं खांबांवर चढलो.

आमच्याकडे माणसाला माणसाकडून न्याय मिळाला नाही की तो देवाच्या पायरीवर नारळ ठेवतो. गुरव गाऱ्हाणं बोलतो, आणि मग ते देवाचं काम होतं. ज्याने ठेवला त्यानेच तो पुढे कधीतरी उचलायचा असतो. उचलताना दुसरा नारळ आणून, ठेवतानाचे शब्द जसेच्या तसे मोठ्याने बोलायचे आणि परत घ्यायचे. नाही उचलला तर घरातल्या पुढच्या माणसांना तो बाधतो असं मानतात. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी मुळगावच्या आमच्या देवळात नारळ ठेवला. घरी सांगितलं, गिटारीसाठी ठेवला. सगळ्यांना वाटलं, गिटार बरी होऊ दे म्हणून मागितलं असेल. शब्द तीनच जणांना माहीत होते, म्हाताऱ्या गुरवाला, देवाला आणि मला. ज्याने माझ्या गिटारीचे कान बुजवले त्याचे कान बुजव. गिटारीचं नाव नुसतं निमित्ताला होतं. मी तुझे कान मागितले, बाबल, कारण तुझ्याकडे घेण्यासारखं तेवढंच होतं.

दोन वर्षांनी शालीने, माझ्या एकुलत्या एक धाकट्या बहिणीने, घरी सांगितलं की करीन तर बाबललाच. धक्क्यावर चुकामूक झाली की गिटार पोचवायला-न्यायला तू घरी यायचास, त्यात हे कधी शिजलं ते मला कळलंच नाही. वडिलांना तू पसंत होतास. मी काय सांगणार होतो, की मी याच्यावर नारळ ठेवलाय? लग्नात मी पंगतीला वाढलं. तुझ्या पानात मीठ वाढायचं तेवढं टाळलं. सूड म्हणून तेवढंच जमलं, आणि तू ते अळणी जेवण गुपचूप जेवलास.

मग तू सुर्ल्याला खाणीवर लागलास, खनिज चाळायच्या प्लांटवर फिटर. आठवडाभर तिथेच खोलीवर राहायचास आणि शनिवारी मांद्र्याला जायचास. पंधरा-सोळा वर्षांत तुझे कान गेले. आधी डावा, मग दोन्ही. शाली रडत सांगायला आली तेव्हा मी तिला पाणी दिलं, धीर दिला, आणि ती गेल्यावर मला बरं वाटलं. दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहून ठेवतो: मला बरं वाटलं. त्या प्लांटवर तुझ्याबरोबरचे आणखी तिघे बहिरे झाले होते. त्यांच्यावर कुणी नारळ ठेवला होता? हे मला कळत होतं. पण देवाने माझं ऐकलं, असंच मला हवं होतं. खाणीला श्रेय द्यायला मी तयार नव्हतो.

तोवर आपण शालीमार्फत बोलायचो. एका ओळीत जेवायला बसलेलो असायचो आणि तू म्हणायचास, “तेका सांग, माडीवरची वायर जळल्या.” मी म्हणायचो, “तेका सांग, जेवान झाल्यार बघतंय.” शाली एकदा ताट ढकलून उठली होती. तू बहिरा झालास आणि ती सोयसुद्धा गेली. मग आपण नुसते बसायचो.

एक मात्र सांगायचं राहिलं आहे. मी डिचोलीला खांबावरून पडलो आणि पाय मोडून घरी पडून होतो, तेव्हा तू रजा काढून आलास. अकरा दिवस माझ्या खाटेशी बसलास. बोलणं नाही, चालणं नाही. सकाळी उठवून बसवायचास, पाठ पुसायचास, पायाखाली उशी सरकवायचास. बायकोलासुद्धा जमत नसे इतक्या हलक्या हाताने. मी भिंतीकडे तोंड करून असायचो. बाराव्या दिवशी तू गेलास तेव्हा उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. तुझे आभार मानायचे राहिले. आजही मानत नाही. राहिले आहेत एवढंच सांगतो.

गेल्या वर्षी शालीला विचारलं, ती गिटार आहे का अजून? तुमच्या माळ्यावर होती. एवढ्या वर्षांत तू ती फेकली नव्हतीस, चुलीतही घातली नव्हतीस. शाली ती जुन्या लुगड्यात गुंडाळून बसने घेऊन आली.

आधी निळा रंग. घाई केली असती तर खालचा मूळ रंगही गेला असता, म्हणून ब्लेडच्या तुकड्याने दिवसाला दोन बोटं जागा खरवडायची. प्रत्येक बोटाला मी तुला एक शिवी दिली, त्यामुळे काम कधी कंटाळवाणं झालं नाही. मग राळ. मग काथ्या. कानातून वाकडी तार घालून तो चिमूट चिमूट ओढायचा. पहिली चिमूट हातात आली आणि मी थबकलो. तो कसाही कोंबलेला नव्हता. विंचरून, त्याच्या करंगळीएवढ्या गुंड्या वळून, प्रत्येकीला दोऱ्याची गाठ मारून एकीशेजारी एक लावलेल्या होत्या. होडीला कुणी एवढं करत नाही. सूपभर निघाल्या. आषाढ-श्रावण बसून तू हे केलं होतंस. मला आणखी राग आला. माणसाने नासाडी करायची तर ती गबाळी तरी करावी, म्हणजे समोरच्याला शिव्या द्यायला अडचण होत नाही.

उघडलेला जोड डिचोलीच्या सुताराने चिकटवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पोट आठ दिवस आवळून ठेवलं. तारांची थरथर उचलणारी जी वेटोळी असतात ती सडली होती. केसाहून बारीक तांब्याची तार आणि तिचे हजारो फेरे. बायकोच्या शिलाई मशीनच्या चाकावर मी ती नव्याने गुंडाळली; तीनदा तुटली, चौथ्यांदा पुरी झाली. आणि या गिटारीला मागे झाकण नसतं, त्यामुळे बटणं नि वायरी त्या कानांतूनच आत घालाव्या लागतात. प्रत्येक बटणाला दोरा बांधायचा, दोरा त्याच्या भोकातून बाहेर काढायचा आणि ओढत ओढत बटण जागेवर आणायचं. उभा जन्म विजेत घालवलेले हात, तरी मला घाम फुटला. एका दुपारी सगळं जागेवर बसलं. पाठीवर बोटभर निळा रंग मी मुद्दाम राहू दिला, पुरावा म्हणून. मग तारांची वाट बघत बसलो, आणि तू तेवढ्यात डाव साधलास.

गुरुवारी मी आलो तेव्हा रडलो. लोकांना वाटलं, मेव्हण्यासाठी. मी हातातून निसटलेल्या रविवारासाठी रडत होतो, निदान ओसरी चढेपर्यंत तरी. तुला खाली निजवलेलं पाहिल्यावर कशासाठी रडत होतो ते मला सांगता येणार नाही.

बाराव्याला जेवणं झाल्यावर शालीने मला मागच्या दारी, विहिरीपाशी गाठलं.

“दादा, तो नारळ उचल.”

“गिटारीचो नारळ तो. गिटार बरी झाली. संपलां.”

“उचल म्हणतंय. कुंदाक सातवो म्हयनो लागलो. ह्या घरार माका तो नको.”

कुंदा तुमची लग्नानंतर बारा-तेरा वर्षांनी झालेली लेक. ती आत निजली होती, बाप गेल्यापासून धड जेवली नव्हती. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत शब्द विसरलो.

“तू विसरलंस? तू तेंच्या पानातला मीठ टाळूंक विसरूंक नाय.”

मीठ तिला माहीत होतं. आणखी काय काय माहीत आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुझ्या बायकोसमोर, माझ्या बहिणीसमोर, मी तिच्या नवऱ्याचे कान मागितले होते हे मोठ्याने बोलायचं. याच एका भीतीने तो नारळ पंचवीस वर्षं तिथे पडून होता. त्याआधी तो रागाने पडून होता.

सुतक फिटल्यावर आम्ही मुळगावला गेलो. म्हातारा गुरव केव्हाच गेला, आता त्याचा मुलगा आहे. मी नारळ दिला आणि पुटपुटायला लागलो. गुरव म्हणाला, “मोठ्यान सांग. मनातल्या मनात सुटना तां.” देवळात आणखी चारपाच माणसं होती. शाली माझ्या मागेच उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, “देवा म्हाराजा, ज्यान माझ्या गिटारीचे कान बुजवले, तेचे कान बुजव म्हणान मी हय नारळ ठेवललंय. तो बाबल. माझ्या भयणीचो घोव.”

गुरवाचा हात थांबला. मी पुढे म्हटलं, “तेचे कान तेका परत दी. मी घेतलंय ते शब्द मागे.”

“आणि राग?” गुरव म्हणाला. “तोय सोड. अर्धो नारळ उचलतां येना.”

“राग हय ठेवूंकच नाय मी,” मी म्हटलं. “तो माझ्याकडेच आसा. तो माझो.”

गुरवाने एकदा देवाकडे पाहिलं. मग त्याने नारळ फोडला.

बाहेर पायरीवर मी शालीच्या तोंडाकडे बघत नव्हतो. ती थोबाडीत देईल असं वाटत होतं, आणि दिली असती तर सुटलो असतो. ती चपला घालता घालता म्हणाली, “तेंका म्हायत होतां.”

“काय?”

“म्हाताऱ्या गुरवान लग्नाआधीच सांगललां तेंका. माका हे कान गेल्यार बोलले. हसत होते. म्हणाले, शंकऱ्यान कान मागले, दात मागूंक विसरलो.”

मला काही कळलं नाही. मग तिने एका कांबेबद्दल सांगितलं. प्लांटवरच्या बहिऱ्या फिटरांची ती रीतच होती म्हणे: हातभर लोखंडी कांब, एक टोक यंत्राच्या अंगाला लावायचं आणि दुसरं दातांत धरायचं. आवाज हाडांतून वर चढतो, त्याला कान लागत नाहीत. कुठलं बेअरिंग घासतंय ते तुला कान असलेल्यांच्या आधी कळायचं. निवृत्त होताना तू ती कांब घरी घेऊन आलास. शालीच्या मिक्सरला लावायचास, विहिरीच्या पंपाला लावायचास. आणि मी रविवारी येणार हे पाटीवर वाचल्यावर तू ती घासून लख्ख केलीस आणि खुर्चीला टेकवून ठेवलीस.

“म्हणाले, तेका वाजवूं दे. एक टोक गिटारीक लावतंय, एक दातात धरतंय. मगे तेका एक गजाल सांगूची आसा.”

“कसली गजाल?”

“तां काय बोलले नाय.”

म्हणजे माझा रविवार झाला असता तरी फुकटच गेला असता. तू सगळं ऐकलं असतंस. माझा नारळ, माझा देव, माझी वर्षभराची खरवड, सगळ्यांना पाणी पाजून तू दातात कांब धरून बसला असतास, आणि मी बावळटासारखा तुझ्यासमोर वाजवत राहिलो असतो. हरामखोरा, पाठीवरचं ओझं उतरवून हसवलंस मला, देवळाच्या पायरीवर, तुझ्या चौदाव्या दिवशी. आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, शालीने पाहिलं, आणि तिने माझा हात धरला.

काल दुपारी मी मांद्र्याला आलो. गिटार घेऊन आलो. नव्या तारा घातल्या होत्या, आणि आता तारा लावायचं यंत्र मिळतं, सूर बरोबर लागला की हिरवा दिवा पेटतो. तासभर बसून सहाही तारांना हिरवा दिवा पेटवून आणला होता. तुझी खुर्ची तिथेच होती. तिच्यासमोर स्टूल टाकलं. ॲम्प्लिफायर आणला होता, पण तो लावला नाही. पिशवीतून तुझी एक काथ्याची गुंडी काढली, दोरा सोडवला, आणि दोन बोळे करून माझ्या कानांत ठासले. तू गिटारीचे बुजवलेस तसे, घट्ट. शाली दारात उभी राहून काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

मग कांबेचं एक टोक गिटारीच्या दोन कानांच्या मधोमध टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. लोखंडाची चव आली. तुझ्या दातांचे खळगे होते त्यावर, माझे दात बरोबर त्यात बसले. मी अंगठा वरून खाली फिरवला.

बाबल, ती वाजते. जबड्यातून आवाज वर चढला, कपाळापर्यंत भरला, आणि बराच वेळ राहिला. इतका आतून मी कुठलाच सूर कधी ऐकला नव्हता. पोट मोकळं झालं आहे तिचं. उभ्या आयुष्यात मी हातात धरलेली सगळ्यांत सुंदर वस्तू आहे ती, आणि तू ती फेकली नाहीस. मी पुन्हा अंगठा फिरवला. मग एकेक तार वाजवून पाहिली. मग पुन्हा सगळ्या.

तिसरी उतरली होती.

केसभरच. यंत्राला कळली नव्हती, माझ्या कानाला घरी कळली नव्हती. दातांना कळली. तुझी गजाल मला मिळाली.

मी खुंटीला हात लावला आणि काढून घेतला. तशीच ठेवली आहे. ओसरीच्या भिंतीला, तुझ्या खुर्चीच्या बरोबर समोर, मी खिळा मारून ती टांगली आहे. शालीला बजावून ठेवलंय की खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही. येता-जाता ती तारांवरून पदर फिरवते, कुंदा बोट फिरवते, पुढे कुंदाचं मूलही फिरवील. दर वेळी तिसरी उतरलेली वाजेल आणि ती चढवायला कुणी उठणार नाही. कान तुझे तुला परत मिळाले आहेत. आता ऐकत बस.